३१ तारखेची भीती

विक्रीच्या नोकरीतली माणसे माझ्याकडे येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो. गेले काही महिने टार्गेट पूर्ण होत नाही, रात्री झोप लागत नाही, मग मी या कामासाठी नालायकच आहे का, आणि तसे असेल तर नोकरी सोडून द्यावी का? पिंपरी-चिंचवडमध्ये समुपदेशन करताना हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की त्याचे एक ठरलेले उत्तर मनात तयार होऊन बसले होते. ते उत्तर चुकीचे नव्हते, पण अपुरे होते, आणि हे मला ज्या गृहस्थांमुळे उमगले त्यांची हकिगत त्यांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, इथे लिहीत आहे.

ते आले तेव्हा त्यांच्या हातात ईसीजीचा कागद होता. वय ३४, शिक्षण मेकॅनिकलची पदविका, आणि कारखान्यांना लागणारा माल पुरवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत विक्री विभागात सहा वर्षे नोकरी. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात छातीत धडधड होते, हाताला घाम येतो, पहाटे तीनला जाग येते आणि मग झोप लागत नाही, अशी तक्रार घेऊन ते डॉक्टरांकडे गेले होते. हृदय ठीक आहे असे सांगून डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे पाठवले. खुर्चीवर बसल्यावर त्यांनी स्वतःबद्दल काही सांगण्याआधी तीन महिन्यांची टक्केवारी सांगितली, जणू तेच त्यांचे नाव आणि गाव होते. त्यानंतर म्हणाले, "मॅडम, मी सेल्सचा माणूसच नाही बहुतेक."

या कामाची ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. अशी कंपनी स्वतः फारसे काही बनवत नाही; बेअरिंग, व्ही-बेल्ट, ऑइल सील, कटिंग टूल, नट-बोल्ट, हातमोजे, सेफ्टी शूज अशा हजारो वस्तू ती गोळा करून ठेवते आणि कारखान्यांना व छोट्या दुकानदारांना विकते. ग्राहकाला हीच वस्तू आणखी चार जणांकडे मिळते, त्यामुळे विक्री करणाऱ्याच्या हाती भाव, वेळेवर माल आणि त्याचा स्वतःचा शब्द एवढेच असते. त्यातला भाव वरून ठरतो आणि माल भिवंडीच्या गोदामातून कधी निघेल ते गोदाम ठरवते. उरतो शब्द. हे गृहस्थ सकाळी साडेनऊला दुचाकी काढून भोसरी, मोशी, चाकण असे फिरत. गेटवर वहीत नाव लिहायचे, पर्चेसवाल्या साहेबांची तासभर वाट पाहायची, "कोटेशन मेल करा" एवढे ऐकून बाहेर पडायचे, वाटेत स्टोअरकीपरला विचारायचे की कुठली वस्तू संपत आली आहे. आपल्याकडच्या बहुतेक कारखान्यांना गुरुवारी सुटी असते, म्हणून गुरुवार थकबाकीच्या याद्या आणि अहवाल यांत जायचा. माल साठ किंवा नव्वद दिवसांच्या उधारीवर जात असे आणि पैसे वसूल करण्याची जबाबदारीही त्यांचीच होती. मंगळवारी ज्याच्याकडे हसून ऑर्डर मागायची, त्याच्याकडेच शुक्रवारी थकलेल्या बिलासाठी आवाज थोडा कडक करून बोलायचे.

अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये 'भावनिक श्रम' ही कल्पना मांडली, तेव्हा त्यांनी अभ्यासासाठी दोन टोकांची कामे निवडली होती. एक विमानातल्या सेविकांचे, ज्यांना पगारासाठी प्रेमळ दिसावे लागते, आणि दुसरे थकबाकी वसूल करणाऱ्यांचे, ज्यांना पगारासाठी कठोर व्हावे लागते. माझ्यासमोर बसलेल्या माणसाला ही दोन्ही कामे एकाच आठवड्यात, एकाच ग्राहकापुढे करावी लागत होती, आणि त्याची गणना मात्र कुठल्याही तक्त्यात होत नव्हती. तक्त्यात फक्त आकडा असे. दर महिन्याच्या आढावा बैठकीत तो तक्ता पडद्यावर दाखवला जाई, मागे पडलेल्यांची नावे लाल रंगात असत, आणि रोज संध्याकाळी सहाला व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर साहेबांचा संदेश येई: "आजचं बिलिंग?" सर्वांसमोर नाव लाल केल्याने माणूस जास्त धावतो अशी अनेक व्यवस्थापकांची प्रामाणिक समजूत असते. माझ्या अनुभवात तो काही दिवस धावतो आणि मग लपायला शिकतो.

पहिल्याच भेटीत मी त्यांच्याकडून नैराश्याची तीव्रता पाहणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली. तिचा शेवटचा प्रश्न जगणे नकोसे वाटण्याबद्दल असतो आणि तिथे त्यांनी 'काही दिवस' या पर्यायावर खूण केली होती. अशी खूण दिसली की तिच्याबद्दल सरळ शब्दांत विचारावे लागते. विचारल्याने विचार बळावतो ही भीती निराधार आहे. त्यांच्या मनात कोणतीही योजना नव्हती, पण महिनाअखेरीला "सगळंच थांबलं तर बरं" असे वाटून जाई. त्यांच्या परवानगीने त्यांच्या पत्नीला त्याच आठवड्यात बोलावले, मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवून झोपेसाठी आणि चिंतेसाठी औषध सुरू केले, आणि रात्री-अपरात्री गरज पडली तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक दोघांच्याही फोनमध्ये साठवून घ्यायला सांगितला. हे आधी करायचे आणि मग बाकीचे बोलायचे, याबाबतीत मी कधीही तडजोड करत नाही.

पत्नीशी बोलताना कळले की इन्सेन्टिव्ह बंद झाल्याचे त्यांनी पाच महिने घरी सांगितलेच नव्हते. चिखलीतल्या घराचा हप्ता ते आधी साठवलेल्या पैशांतून भरत होते. गावाकडे, माढ्याजवळ, वडील चारचौघांत सांगत की मुलगा मोठ्या कंपनीत आहे, आणि त्या वाक्याला तडा जाऊ नये म्हणून हे सणालाही गावी जाणे टाळू लागले होते. "एवढं काय त्या आकड्याचं मनाला लावून घेता?" असे पत्नी म्हणत असत, आणि धीर देण्यासाठी उच्चारलेले ते वाक्य त्यांना मात्र आपले दुःख क्षुल्लक ठरवणारे वाटे. मी पत्नीला सुचवले की हा प्रश्न सोडून द्या आणि त्याऐवजी "आज कोणाकडे गेला होतात?" एवढेच विचारा.

समुपदेशनाची सुरुवात मी माझ्या नेहमीच्या वाटेने केली. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली आणि मराठी वाचकांना कि. मो. फडके यांच्यामुळे परिचित झालेली विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती अशा वेळी फार उपयोगी पडते. टार्गेट पूर्ण व्हावे ही इच्छा आहे. ते पूर्ण झालेच पाहिजे आणि न झाल्यास मी कवडीमोलाचा, ही अट आहे. इच्छा पूर्ण झाली नाही की माणूस निराश होतो, खट्टू होतो, पण पुन्हा उठतो. अट मोडली की तो स्वतःलाच मोडीत काढतो. आम्ही एक वही केली. डाव्या पानावर त्यांनी त्या दिवशी स्वतः केलेले लिहायचे, म्हणजे किती ठिकाणी गेले, किती कोटेशन दिली, कोणाला खरे उत्तर दिले; उजव्या पानावर जे बाहेरून आले ते, म्हणजे गोदामात माल नव्हता, ग्राहकाचे उत्पादन कमी झाले, भाव वाढला. दुसऱ्याच आठवड्यात उजव्या पानावर एक गोष्ट ठळक दिसली. त्यांच्या एकूण विक्रीचा मोठा भाग ज्या एका कारखान्यातून येई, त्या कारखान्याने आपली उत्पादनाची एक लाइन दुसऱ्या राज्यात हलवली होती. तरीही टार्गेट मात्र मागच्या वर्षीच्या आकड्यावर ठराविक वाढ लावूनच ठरले होते. हे त्यांना माहीत नव्हते असे नाही. माहीत असूनही त्यांनी त्याचा दोष स्वतःकडे घेतला होता.

औषधाने आणि वहीने फरक पडला. झोप सुधारली, गावी फोन सुरू झाला, इन्सेन्टिव्हची गोष्ट घरी सांगून झाली. आणि तरीही तिसऱ्या महिन्याच्या २८ तारखेला त्यांचा फोन आला की छातीत पुन्हा तशीच धडधड होते आहे, हात थरथरत आहेत.

इथे मी थांबून विचार करायला हवा होता, आणि सुदैवाने केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे २०२२ पासून लागू झाले, 'बर्नआउट' हा आजार म्हणून नव्हे तर कामाशी निगडित अवस्था म्हणून नोंदवला आहे, आणि त्याच्या तीन खुणा दिल्या आहेत: शक्ती संपल्याची भावना, कामापासून मनाने दूर जाणे किंवा त्याबद्दल कडवटपणा येणे, आणि आपण काही साधू शकत नाही असे वाटणे. पहिली आणि तिसरी खूण यांच्यात होती. दुसरी मात्र नव्हती, आणि ती नाही हे मी आधीच पाहिले होते पण त्याचा अर्थ लावला नव्हता. एका छोट्या वर्कशॉपच्या मालकाचे यंत्र स्पिंडलच्या बेअरिंगसाठी अडले होते आणि यांनी नाशिकच्या एका दुकानातून रात्रीच्या एसटीने ते मागवून सकाळी सातला हातात दिले, ही गोष्ट त्यांनी मला दोनदा सांगितली होती आणि दोन्ही वेळा त्यांचा चेहरा उजळला होता. ज्याला काम नकोसे झाले आहे तो असे सांगत नाही. मग भीती कशाची होती?

पुढच्या भेटीत मी टार्गेटचा विषय काढला नाही. फक्त विचारले, "महिन्याच्या शेवटच्या दिवशी तुम्ही नेमकं काय करता, सकाळपासून सांगा." ते सांगू लागले आणि दुपारी चारपर्यंत आल्यावर थांबले. बराच वेळ गेला. मग म्हणाले, "मॅडम, हे मी घरीसुद्धा बोललो नाही."

आकडा भरायचा म्हणून महिन्याच्या शेवटच्या दिवशी, मागणी नसताना, एखाद्या दुकानदाराच्या नावावर बिल टाकायचे आणि पुढच्या महिन्यात माल परत आला असे दाखवून क्रेडिट नोट, म्हणजे त्या बिलाची रक्कम वजा करणारा कागद, काढायची, अशी पद्धत त्यांच्या शाखेत रुळली होती. साहेबांनी सांगितले, इतर सहकारी करत होते, म्हणून यांनीही केले. ज्यांच्या नावावर केले ते भोसरीतले एक वयस्कर दुकानदार होते, ज्यांना हे काका म्हणत आणि ज्यांनी नोकरीच्या पहिल्या वर्षात यांना हा धंदा शिकवला होता. काकांनी "तू म्हणतोस तर टाक" एवढेच म्हटले होते. दोनदा क्रेडिट नोट वेळेवर निघाली. तिसऱ्या वेळी ती अडकली, संगणकात ते बिल थकबाकी म्हणून दिसू लागले, आणि साठ दिवस उलटल्यावर काकांचे खाते आपोआप बंद झाले. काकांना खरोखर हवा असलेला माल मिळेना आणि त्यांचे एक जुने गिऱ्हाईक तुटले. काका रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "तुझ्या शब्दावर दिलं होतं रे." त्या दिवसापासून हे गृहस्थ त्या गल्लीतून जाणे टाळत होते, चाकणला जाताना चार किलोमीटर जास्त फिरून जात होते.

आता ती ३१ तारखेची भीती मला समजली. ती आकडा न भरण्याची भीती नव्हतीच, कारण आकडा तर ते कितीतरी महिने भरू शकले नव्हते आणि तरीही नोकरीवर होते. संध्याकाळी साहेबांचा फोन येईल, पुन्हा कोणाच्या तरी नावावर बिल टाकायला सांगतील आणि मी पुन्हा नाही म्हणू शकणार नाही, ही ती भीती होती.

अपराधाची भावना आणि लाज या दोन गोष्टी एकमेकींसारख्या दिसतात, पण त्यांच्याशी वागण्याची रीत वेगळी असते. "मी वाईट आहे" असे लाज सांगते. तिच्याशी वाद घालता येतो, पुरावे मागता येतात, वहीची दोन पाने करता येतात. "मी एका माणसाशी वाईट वागलो" असे अपराधाची भावना सांगते, आणि ते खरे असेल तर तिच्याशी वाद घालून काही उपयोग नसतो, कारण तिचे म्हणणे बरोबर असते. जे मोडले ते दुरुस्त होईपर्यंत ती थांबत नाही आणि थांबूही नये. मी तीन महिने लाजेवर उपचार करत होते. ते वाया गेले असे मी म्हणणार नाही, कारण तेवढी शक्ती आली नसती तर ते हे बोलूच शकले नसते. पण इथून पुढे मला त्यांचे सांत्वन करायचे नव्हते, त्यांना सोबत करायची होती.

ते लगेच राजीनामा द्यायला निघाले होते. मी त्यांना थोपवले. विक्रीच्या नोकरीत असलेल्या प्रत्येकाला मी एक नियम सांगते, की महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आणि आढावा बैठकीच्या दुसऱ्या दिवशी नोकरी सोडण्याचा निर्णय घ्यायचा नाही. तो दहा तारखेनंतर, जेव्हा नवा महिना निम्माही गेलेला नसतो, तेव्हा शांतपणे पाहायचा. शिवाय त्यांच्याबाबतीत आणखी एक कारण होते. ते निघून गेले असते तर काकांचे खाते सोडवायला कंपनीत कोणीही उरले नसते.

आधी ते काकांकडे गेले. काय बोलायचे ते आम्ही ठरवले होते, आणि त्यात 'साहेबांनी सांगितलं होतं' हे वाक्य घ्यायचे नाही असा त्यांचाच आग्रह होता. "ते बिल मी टाकलं, ते चुकीचं होतं, आणि ते निघेपर्यंत मी दर गुरुवारी तुम्हाला येऊन काय झालं ते सांगेन," एवढेच बोलायचे होते. नंतर त्यांनी हिशेब विभागाला पत्र लिहिले: कोणते बिल, कोणत्या तारखेचे, माल परत आल्याचे कधी दाखवले, आणि क्रेडिट नोट का निघाली नाही. बिल हा करखात्यापर्यंत जाणारा कागद आहे. जीएसटीत ते बिल दुकानदाराच्या नोंदीतही दिसते, त्यामुळे ते नुसते 'ॲडजस्ट करून घेऊ' म्हणून मिटत नाही, आणि हिशेब विभागाला हे विक्री विभागापेक्षा चांगले समजते. पत्रात त्यांनी कोणावर आरोप केला नाही. फक्त घडले ते क्रमाने लिहिले.

साहेबांशी बोलण्याची मात्र आम्ही माझ्या खोलीत तीन वेळा तालीम केली. मी साहेब झाले. पहिल्या दोन्ही वेळा माझा आवाज किंचित चढताच ते "बरं, बघतो सर" म्हणून माघार घेत होते. तिसऱ्या वेळी वाक्य पूर्ण झाले: "सर, मागणी नसलेल्या मालाचं बिल मी यापुढे टाकणार नाही. या महिन्यात कोणत्या ऑर्डरी खरंच येऊ शकतात त्याची यादी मी २० तारखेलाच तुम्हाला देतो, आणि तो कारखाना हलल्यामुळे किती विक्री गेली तेही लिहून देतो."

प्रत्यक्षात साहेब या वाक्याने प्रभावित वगैरे झाले नाहीत. "मग आकडा काय आकाशातून आणू?" असे ते म्हणाले, दोन आठवडे यांच्याशी तुटक वागले, आणि त्या तिमाहीचा इन्सेन्टिव्ह गेला तो गेलाच. मात्र त्यांनी पुन्हा तसे बिल टाकायला सांगितले नाही. पुढे एकदा चाकणहून गाडीत परत येताना ते आपणहून बोलले, की मुंबईहून त्यांनाही रोज संध्याकाळी सातला तोच प्रश्न विचारला जातो. हे ऐकून या गृहस्थांना राग येण्याऐवजी वाईट वाटले. त्या वाईट वाटण्यामुळे पुन्हा होकार देऊ नका, एवढीच सूचना मी केली.

क्रेडिट नोट निघायला जवळजवळ दोन महिने लागले. या काळात ते दर गुरुवारी काकांकडे जात राहिले, बऱ्याचदा सांगण्यासारखे काहीही नसताना.

अशाच तक्रारी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाच्या मागे अशी एखादी लपलेली गोष्ट असते, असे मी म्हणत नाही. पुष्कळांच्या बाबतीत टार्गेटच अवास्तव असते आणि ते आकडे मांडून दाखवावे लागते. काहींना माणसांत मिसळण्याचे काम मनापासून आवडतच नाही आणि त्यांनी ते बदलणे योग्य असते. पण "मी नालायक आहे का?" या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी मी आता प्रत्येकाला विचारते की गेल्या वर्षभरात या कामासाठी तुम्ही असे काय केले जे घरी सांगता आले नाही. बहुतेक जण नाही म्हणून मान हलवतात. काही जण खिडकीकडे बघतात.

या गृहस्थांची आणि माझी शेवटची भेट योगायोगाने ३१ तारखेलाच झाली. नोकरी सोडायची की नाही हे त्यांनी अजून ठरवलेले नव्हते. दोन ठिकाणी अर्ज केले होते आणि ही गोष्ट पत्नीला माहीत होती. सहा वाजता टेबलावरचा फोन थरथरला. त्यांनी गटावर त्या दिवसाचा खरा आकडा लिहिला, तो कमीच होता, आणि फोन पालथा ठेवला. मग म्हणाले की त्यांना आज जरा लवकर निघायचे आहे, कारण काकांनी हातमोज्यांच्या ४० जोड्यांचा भाव विचारला आहे आणि त्यांचे दुकान आठला बंद होते.